वाडी उभी करण्याआधी रोप

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावरून गांडुळांविषयी बोलावयाचे म्हटल्यावर पुढच्या रांगेतील काही मंडळींच्या चेहऱ्यावर हसू आले, ते मला दिसले. हसावयास हरकत नाही. परंतु ज्या किनाऱ्यावर आपण राहतो, तेथील निम्म्याहून अधिक घरांची चूल एके काळी वाडीवर पेटत होती. परदेशातून पैसा येऊ लागला तो नंतर. आजही मुलाची फी भरावयाची वेळ आली की सुपारीचे पोते बाजारात जाते, हे येथे बसलेल्या कित्येक मातांना माझ्यापेक्षा अधिक चांगले ठाऊक आहे. तेव्हा वाडीचा प्रश्न हा शिक्षणाचाही प्रश्न आहे, असे समजून माझे बोलणे ऐकावे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडपासून खाली दापोली-मंडणगडपर्यंत माड, पोफळी, आंबे व जायफळाची झाडे काही तासांत भुईसपाट केली. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेले. आजोबांनी लावलेली झाडे नातवाने एका दुपारी पडताना पाहिली. त्यानंतर लागवडी झाल्या, अजूनही होत आहेत; कित्येक वाड्यांत रिकाम्या जागा अद्याप तशाच आहेत. आणि येथेच मला आपले लक्ष वेधावयाचे आहे. पोफळीला पहिली सुपारी धरावयास पाच ते सात वर्षे लागतात. उंच जातीच्या माडाला सहा ते आठ. रोप जर मुळातच दुबळे असेल, तर ती गोष्ट पहिल्या वर्षी कळत नाही. झाड जगते, पाने काढते, पण वाढत नाही. पाच-सहा वर्षे पाणी घातल्यावर मनुष्य म्हणतो, ‘नशीब!’ नशिबाला बोल लावण्यापूर्वी रोप कसे होते ते पाहावयास हवे होते.

झाड लावण्याचे पुण्य आपणांस सांगावयास नको. मुसलमानाने झाड लावले व त्याचे फळ माणसाने, जनावराने किंवा पाखराने खाल्ले तर तो सदका ठरतो, या आशयाची हदीस लहानपणापासून आपण ऐकत आलो आहोत. हजरत सलमान फारसी (र.) यांच्या सुटकेची हकीकत मात्र जरा निराळ्या दृष्टीने ऐकावी. गुलामीतून मोकळे होण्यासाठी त्यांना मालकाला सोन्याबरोबर ३०० खजुरीची झाडे लावून द्यावयाची होती. प्रेषितांच्या सांगण्यावरून साथीदारांनी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे रोपे आणून दिली. पण लागवड लगेच झाली नाही. आधी खड्डे खणून तयार झाले आणि मग रोपे प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने लावली. तयारी आधी आणि लागवड नंतर! आपल्याकडे जुलै महिन्यात पाहुणे येतात, फोटो निघतो, आणि खड्डा त्याच सकाळी कोणीतरी घाईघाईने खणलेला असतो. रोप कोठून आणले, ते किती दिवसांचे, त्याच्या मुळांची स्थिती काय, हे कोणी विचारीत नाही. असो.

चांगल्या रोपाला तीन गोष्टी लागतात: चांगले बी, मुळांना खात येईल अशी हलकी कसदार माती, आणि दोन रोपांमध्ये मोकळी जागा. बियाचे शेवटी बोलू. आधी माती.

आपल्या वाडीत खताचा कारखाना रोज अंगावर पडत असतो. माड महिन्याला साधारण एक झावळ टाकतो. एका झाडाच्या वर्षाला बारा झाल्या. पोफळीची पाने निराळी. यांतील काही चुलीत जातात, काहींचे हीर काढून केरसुण्या होतात, उरलेल्या बहुतेक ढीग करून जाळल्या जातात. कासरगोड येथील केंद्रीय लागवडी पिके संशोधन संस्थेने माडाच्या झावळ्यांपासून गांडूळखत करण्याची पद्धत बसवून दिली आहे, आणि ती आपल्यासारख्या दमट हवेच्या किनाऱ्यासाठीच आहे. झावळ्या दोन-तीन महिने पावसात-उन्हात पडू द्याव्या, म्हणजे मऊ होतात. जाड देठ तोडून बाजूला करावा. पाती कोयत्याने बारीक करून सिमेंटच्या टाकीत किंवा सावलीत केलेल्या ढिगात पसरावी. पातीच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके शेण पाण्यात कालवून त्यावर शिंपडावे, म्हणजे १०० किलो पातीला १० किलो शेण. मग दोन ते तीन आठवडे नुसते ओले ठेवून थांबावे. या काळात ढीग तापतो. हात घालून पाहा, चटका बसेल. त्या उष्णतेत गांडूळ सोडले तर ते मरेल किंवा पळून जाईल. ढीग निवाला की मगच गांडुळे सोडावी. एक टन पाल्याला सुमारे १ किलो, म्हणजे साधारण १००० गांडुळे पुरतात.

येथे विद्यार्थ्यांनी एक भेद ध्यानात घ्यावा. अंगणात खणल्यावर जे गांडूळ सापडते ते बहुधा माती खाणारे, खोल बिळात राहणारे असते. जमिनीला ते फार उपयोगी आहे. चार्ल्स डार्विनने १८८१ साली आपले शेवटचे पुस्तक याच गांडुळांच्या कामावर लिहिले. पण कुजणाऱ्या पाल्यावर पोट भरणारी जात वेगळी. ती वरच्या थरात राहते, भराभर खाते, भराभर वाढते. आपल्या उष्ण हवेत ‘युड्रिलस’ नावाची मूळची पश्चिम आफ्रिकेतील जात चांगली चालते. ‘आयसेनिया’ ही दुसरी. कृषी विज्ञान केंद्रातून किंवा ज्याचा ढीग चालू आहे अशा शेतकऱ्याकडून ती घ्यावी. अंगणातली गांडुळे आणून टाकीत टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे आणि आपल्यालाही त्यातून काही मिळत नाही.

गांडुळाला फुप्फुसे नाहीत. ते ओल्या कातडीने श्वास घेते. म्हणून ढीग सुकला तर ते मेले आणि ढिगात पाणी तुंबले तरी ते गुदमरले. मूठभर पाला दाबला असता हाताला ओल लागावी, एखादा थेंब यावा, पण पाणी निथळू नये. ओल तपासावयास यापरते यंत्र लागत नाही. वर गोणपाट झाकावे, कारण त्याला उजेड सोसत नाही. कोंबड्या, चिचुंद्र्या व मुंग्या हे त्याचे वैरी. टाकीभोवती पाण्याची चर ठेवली की मुंग्यांचा बंदोबस्त होतो. कोंबड्यांचा बंदोबस्त ज्याने त्याने आपल्या घरी पाहावा.

घरातला केरही चालतो. रमजानमध्ये इफ्तारनंतर केळी, पपई, कलिंगड यांच्या सालींनी घमेली भरतात. त्या सर्व ढिगात जाऊ द्याव्या. लिंबाच्या व मोसंबीच्या साली थोड्याच. खारट, तेलकट, मसाल्याचे उष्टे टाकू नये. मीठ गांडुळाला थेट मारते. मांस, हाडे, मासळीचे पाणी अजिबात नको. कुर्बानीच्या दिवसांत बकऱ्यांची लेंडी व उरलेला चारा पुष्कळ साचतो. तो चांगला आहे, पण ताजी लेंडी न टाकता महिनाभर ओली ठेवून मुरवून टाकावी. आणि पाणी गोडे घालावे. एप्रिल-मे महिन्यांत समुद्राजवळच्या विहिरी मचूळ होतात, ते पाणी ढिगालाही नको आणि रोपांनाही नको. मशिदीच्या हौदावर वुजूचे पाणी वाहून जाते. त्यात साबण नसतो. ते एका टाक्यात घेतले तर मोठी रोपवाटिका त्यावर पोसते. हे काम जमातीने ठरवले तर एका आठवड्यात होण्यासारखे आहे.

साठ ते पंच्याहत्तर दिवसांत पाती ओळखू येईनाशी होते. चहाच्या भुकटीसारखे काळपट, दाणेदार, पहिल्या पावसाच्या मातीचा वास असलेले खत हाताला लागते. चार-पाच दिवस पाणी तोडावे, गांडुळे खाली जातात. वरचे खत काढून सावलीत चाळावे.

चाळताना एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे. बोटाएवढी जाड, पांढरट, डोके तपकिरी आणि अंग इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखे वळलेले असे अळे सापडले तर ते गेंडा भुंग्याचे असू शकते. हाच भुंगा माडाचा कोंब पोखरतो, आणि शेणाच्या उकिरड्यात व कुजणाऱ्या खोडात त्याची पिलावळ वाढते. वादळात पडलेली खोडे वाडीत कुजत ठेवणे म्हणजे नव्या माडांच्या शत्रूला घर बांधून देणे होय. असे अळे दिसताच मारावे. खताबरोबर ते पिशवीत जाऊ देऊ नये.

आता एक इशारा. खत चांगले म्हणून कोणी पिशवीत निव्वळ गांडूळखत भरू नये. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठात क्लाइव्ह एडवर्ड्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंड्यांतील रोपांवर पुष्कळ प्रयोग केले. मिश्रणात १० ते ४० टक्के गांडूळखत असताना रोपे उत्तम वाढली. प्रमाण त्याहून फार वाढविले की वाढ उलट खुंटली. जास्त खतात क्षार जास्त होतात, आणि पाणी धरून राहिल्यामुळे मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडे पोफळीच्या पिशवीसाठी जे प्रमाण सांगितले जाते ते ७ भाग वरची चांगली माती, ३ भाग शेणखत व २ भाग वाळू असे आहे. शेणखताच्या जागी चाळलेले गांडूळखत घ्या. बारा भागांत तीन, म्हणजे २५ टक्के झाले. मुलांनो, गणित बरोबर आहे ना ते घरी जाऊन तपासा. वाळू नदीची घ्यावी. पुळणीवरची खारी वाळू उचलून आणू नये.

यापुढचा भाग माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. तो जागेचा.

पाच इंच रुंदीची पिशवी मातीने भरली की तिचा व्यास सुमारे ८ सेंटिमीटर होतो. अशा पिशव्या एकमेकींना चिकटवून मांडल्या तर एक चौरस मीटरमध्ये १४४ बसतात. बी उगवेपर्यंत हे ठीक आहे. सांभाळावयास सोपे, पाणी कमी लागते. पण पानाला पान लागू लागले की प्रकार बदलतो. शेजारच्या पानावरून आलेला प्रकाश आणि मोकळ्या आकाशाचा प्रकाश यांतील फरक रोपाला कळतो. शेजारी आहे असे जाणवताच ते आपली सारी शक्ती उंच जाण्यात घालते. खोड बारीक, पेरे लांब, मुळे थोडी. खाली वारा खेळत नाही, ओल राहते, बुरशी धरते आणि देठाशी कुजून रोपे पटापट आडवी होतात. त्याला आपण ‘मर’ म्हणतो. मधल्या रोपांना उजेड नाही, कडेची तेवढी बरी. बाजारात अशी उंच, हिरवीगार, लवलवती रोपे दिसली की गिऱ्हाईक भुलते. उंची बघून रोप घेणे म्हणजे मुलाच्या अंगरख्याची लांबी बघून त्याची इयत्ता ठरविण्यासारखे आहे.

उपाय एका पैशाचाही नाही. पानाला पान लागताच बुद्धिबळाच्या पटावरील एकाच रंगाच्या घरांप्रमाणे एकाआड एक पिशवी उचलून दुसऱ्या वाफ्यात मांडावी. १४४ च्या जागी ७२ राहतात. पुढे पुन्हा पाने भिडली तर पुन्हा विरळ करावे. वाफा दीड मीटरहून रुंद करू नये, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो. ठेंगणी रोपे वेगळी व उंच वेगळी ठेवावी, नाहीतर मोठी लहानांना दाबतात. महिन्या-दीड महिन्याने प्रत्येक पिशवी जागची हलवावी. तसे न केल्यास मूळ पिशवीतून खाली जमिनीत शिरते, आणि लागवडीच्या दिवशी ते तटकन तुटते. मग चार दिवसांत रोप माना टाकते आणि दोष पावसाला दिला जातो. पिशवीत गोल वेटोळे घालून बसलेले मूळ तर पुढे झाड मोठे झाल्यावरही सरळ होत नाही. वादळात असे झाड प्रथम उपटते.

वाडीच्या कडेला वारा अडविण्यासाठी उंडी, सुरू, करंज, जांभूळ लावावे, असे तज्ज्ञ सांगतात. त्यांच्या रोपांची परीक्षा विद्यार्थ्यांनी करण्यासारखी आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर कपाटात पडून असते. रोपाची उंची सेंटिमीटरमध्ये घ्यावी, मातीलगत बुंध्याची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी, आणि उंचीला जाडीने भागावे. उत्तर सहाच्या आत आले तर रोप दणकट. समजा, एक रोप ६० सेंटिमीटर उंच व ६ मिलिमीटर जाड आहे. उत्तर १० येते. दुसरे ४० सेंटिमीटर उंच पण ८ मिलिमीटर जाड; उत्तर ५. पहिल्याला बाजारात भाव अधिक मिळेल, परंतु लावावे दुसरे.

पोफळीसाठी निराळे सूत्र आहे. पानांची संख्या गुणिले ४०, त्यातून सेंटिमीटरमधली उंची वजा. सहा पानांचे, ९० सेंटिमीटर उंचीचे रोप घ्या. २४० मधून ९० गेले, राहिले १५०. पाच पानांचे, १२० सेंटिमीटर उंच रोप घ्या. २०० मधून १२० गेले, ८०. ज्याचा आकडा मोठा ते निवडावे. ठेंगणे, जाड बुंध्याचे, पुष्कळ पानांचे. आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे आकडे माहीत नव्हते, पण वाडीत फिरून नेमके असेच रोप ते उचलीत.

पोफळीचे रोप लागवडीला येण्यास १२ ते १८ महिने लागतात. सुपाऱ्या प्रथम वाळूच्या वाफ्यात पाच-सहा सेंटिमीटरवर, देठाची बाजू वर ठेवून, अखंड पेरतात. चाळीस-पन्नास दिवसांत कोंब दिसू लागतात. दोन-तीन पाने झाली की पिशवीत, किंवा दुसऱ्या वाफ्यात ३० सेंटिमीटर अंतरावर हलवितात. म्हणजे एका चौरस मीटरमध्ये अकराच रोपे. ‘एवढी जागा वाया!’ असे वाटेल. पण हिशेब करा. वाडीत दोन पोफळींमध्ये २.७ मीटर अंतर ठेवले तर गुंठ्याला १४ झाडे लागतात. दहा गुंठ्यांना १४०. निवडून काढण्यासाठी थोडी जास्त धरून २०० रोपे केली तरी अठरा-एकोणीस चौरस मीटर जागा पुरते. घराच्या परसदारी इतकी जागा नाही असे घर आपल्या गावांत क्वचितच. वर मात्र झावळ्यांचा मांडव हवा. पोफळीचे कोवळे पान कडक उन्हात करपते.

अंतराबद्दल वाडीतही मोह होतो. माडाला ७.५ मीटर सांगितले तर लोक पाच मीटरवर लावतात, कारण पडलेल्या जागी दोन बसवू असे वाटते. लावताना रोप लहान असते, मोकळी जमीन डोळ्यांत खुपते. त्या जागेत सुरुवातीची वर्षे केळी घ्या, अननस घ्या. केळीची सावली कोवळ्या पोफळीला लागतेच. पण झाड मात्र अंतरावरच लावा.

कोकम लावणाऱ्यांसाठी एवढेच की त्यात नर व मादी झाडे वेगळी असतात आणि बियांपासून केलेली जवळजवळ निम्मी रोपे नर निघतात. म्हणून तेथे कलमच घ्यावे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, जे १९७२ साली स्थापन झाले, कोकमाच्या व आंब्याच्या कलमांवर मोठे काम केले आहे. जांभूळ व कडुनिंब यांचे बी ठेवून चालत नाही; फळ पडताच थोड्या दिवसांत पेरावे. जांभळाच्या एका बीतून कधी दोन-तीन रोपे येतात, त्यांतील जोमदार एक ठेवून बाकीची काढावी. मुले ती काढावयास कचरतात, ‘बिचारी’ म्हणतात. काढली नाहीत तर तिन्ही खुरटतील.

आता बी. सुपारी निवडताना मध्यम वयाचे, दरवर्षी भरपूर धरणारे झाड आधी ठरवावे. पूर्ण पिकलेली, नारिंगी झालेली, वजनदार फळे घ्यावी. मग बादलीत पाणी घेऊन एकेक फळ सोडावे. काही आडवी तरंगतात, काही टोपीची बाजू वर करून उभी राहतात. उभी राहणारी पेरणीला घ्यावी. त्यांची रोपे अधिक जोमाची होतात, असा अनुभव संशोधन केंद्रांत नोंदला गेला आहे. हा प्रयोग पाचवीच्या मुलालाही करता येतो, आणि त्याला कोणतेही अनुदान लागत नाही.

शाळेच्या मागे विहिरीजवळची जागा व्यवस्थापक मंडळाने देऊ केली आहे. तेथे पहिला ढीग घालू. ज्यांच्या वाडीत जुनी, वादळातून उभी राहिलेली पोफळ आहे, त्यांनी तिची पिकलेली वीस-पंचवीस फळे मुलांबरोबर पाठवावी, आणि कोणत्या वाडीतले झाड ते चिठ्ठीवर लिहून द्यावे. प्रत्येक पिशवीला क्रमांक राहील आणि वहीत पेरणीची तारीख, पाने व उंची मुले दर महिन्याला लिहितील. मुलींची वही वेगळी ठेवण्याचे कारण नाही. एकाच वहीत दोघांनी लिहावे. फळे सोललेली, वाळवलेली नकोत. सालासकट, ताजी, आणि देठाकडची टोपी शाबूत असलेली पाठवा.